माफीची सभा

ट्रॉलीबसच्या थांब्यावर नवा फलक लागला होता. खांदमाने आधी तो पाहिलाच नाही. मे महिन्यातला वारा सुटला होता, धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिने रुमाल कपाळावरून खाली ओढला होता आणि ती स्वतःच्या बुटांकडे बघत उभी होती. बस आली, लोक पुढे सरकले, तिने मान वर केली आणि फलकाच्या काचेमागून एक माणूस तिच्याकडे बघून हसला. त्रेपन्न-चोपन्नचा, भरल्या गालांचा, डावी भुवई मध्येच तुटलेली. खाली पक्षाचं चिन्ह, मतदारसंघाचा आकडा, आणि नाव. नाव वाचायची गरज नव्हती. ती भुवई तिला माहीत होती. सव्वीस वर्षांपूर्वी एका लांब टेबलाच्या दुसऱ्या टोकाला हाच माणूस उभा होता, तेव्हा त्याचे गाल बसलेले होते आणि तो हसत नव्हता. तेवढा अर्धा तास ती त्याच्या डोळ्यांत न बघता त्या तुटलेल्या भुवईकडे बघत बोलली होती. "आजी, चढताय की फोटो बघताय?" कंडक्टरबाई म्हणाली. खांदमा चढली नाही. दार लागलं, बस गेली, आणि ती थांब्यावर एकटीच त्याच्यासमोर उरली.

मग ती चालतच निघाली. पक्षाचं जिल्हा कार्यालय तिथून दोन थांबे लांब होतं. उलानबातरच्या त्या वस्तीत ती चाळीस वर्षं राहत होती, पण आज रस्त्याच्या कडेचे खड्डे तिला नवे वाटत होते. सेंगे आपल्या पक्षातर्फे. आपल्या. ती हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवून बघत होती आणि ते राहत नव्हते. तसं तिला शब्द ठेवायची सवय होती. आयुष्यभर तिने तेच केलं होतं. आधी अध्यापक विद्यालयात रशियन शिकवताना, मग विद्यालयाच्या पक्षशाखेची सचिव म्हणून, आणि निवृत्तीनंतर आठवड्यातून तीन दिवस या कार्यालयात, फुकट. नव्वद साली वरची सगळी मंडळी एका झटक्यात पायउतार झाली, तेव्हा भाषणांतला 'कॉम्रेड' खोडून तिने 'नागरिकहो' लिहिलं होतं. दोन वर्षांनी 'नागरिकहो' खोडून 'बंधुभगिनींनो'. शहाण्णवला पक्ष निवडणूक हरला. पंचाहत्तर वर्षांत जे घडलं नव्हतं ते घडलं, आणि ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून घरातलं माणूस गेल्यासारखी रडली. नवरा त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता. त्याच्यासाठी ती एवढी रडली नव्हती, हे तिच्या नंतर लक्षात आलं. तरुण मंडळी मात्र रडली नाहीत. प्रचाराचं काम बघणारा तुवशिन म्हणायचा, पराभव म्हणजे ताप असतो ताई, अंगातलं वाईट निघून जातं, माणूस बारीक होतो आणि मग त्याला कुठलेही कपडे बसतात.

कार्यालयाचा तळमजला बिलियर्डवाल्याला भाड्याने दिलेला होता. जिन्यात चेंडूंची टकटक ऐकू यायची. वर तुवशिन टेबलावर बसून पाव खात होता. एकतीस वर्षांचा, बाहेर शिकून आलेला, कोट नीट आणि बूट कायम धुळीचे.

"ताई, फलक बघितलात? कसा वाटतो आपला माणूस?"

"कुणी निवडला?"

"वरून ठरलं. पण नाव मी सुचवलं. बेकरी आहे त्याची, अर्धी वस्ती त्याचा पाव खाते. हा घ्या, त्याचाच आहे." त्याने तुकडा पुढे केला. तिने घेतला नाही. "आणि मुख्य म्हणजे, आपणच त्याला हाकललं होतं. चौऱ्याहत्तर साली. याहून चांगला उमेदवार कुठून आणू मी? समोरचे म्हणणार, तुम्ही लोकांना चिरडलंत. आपण म्हणणार, हो बाबांनो, चिरडलं, आणि ज्याला चिरडलं तोच आमच्याकडून उभा आहे. आता बोला."

"त्याला हे चालतं?"

"त्याचीच कल्पना आहे. पत्रक तुम्ही लिहायचं असंही त्यानंच सांगितलंय, नाव घेऊन. म्हणाला, खांदमाबाईच एकट्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या."

खांदमाने कोट काढला, खुंटीला लावला, पुन्हा काढून अंगात घातला. खोलीत थंडी नव्हती.

एकट्या माझ्या बाजूनं. हे खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. त्या लांब टेबलाशी कुणीतरी तुरुंगाचा शब्द काढला होता, आणि तिनेच सांगितलं होतं की मुलगा तरुण आहे, गणित चांगलं शिकवतो, आईच्या दुःखात चुकला, त्याला काढून नालाइखच्या कोळशाच्या खाणीवर पाठवा, श्रमाने सुधारेल. सेंगेने जाताना तिच्यापुढे मान झुकवली होती. त्याआधी आठ दिवस ती त्याच्या घरी गेली होती. त्याची आई वारली होती आणि सचिव म्हणून जाणं भाग होतं. पण ती नुसती सचिव म्हणून गेली नव्हती, म्हातारी तिला आवडायची. तिथे सेंगेचा मित्र जामियान होता, भूगोल शिकवणारा, चुलीशी बसून सगळ्यांना चहा देणारा. शेजारची एक म्हातारी होती, जिला अक्षरओळख नव्हती. आणि कपाटामागे, एकावर एक ठेवलेल्या गाद्यांच्या आडोशाला, तुपाचा दिवा तेवत होता, आणि साध्या मेंढपाळाच्या कपड्यांतला एक थकलेला माणूस, जो कधीकाळी लामा होता, ओठ जेमतेम हलवत पोथी पुटपुटत होता. पक्षसदस्याच्या घरी असा विधी म्हणजे गुन्हा होता, पण कुणी तसं दाखवलं नाही. खांदमाने चहा घेतला, उकडलेलं मांस खाल्लं, डोळे पुसले. घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तू तिथे होतीस, हे उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं तर?" त्या महिन्यात त्याच्या मॉस्कोच्या नेमणुकीचे कागद फिरत होते. एवढंच तो म्हणाला. बाकीचं तिने स्वतः केलं. त्या दिव्याबद्दल आणि पोथीबद्दल दीड पान, विद्यालयाच्याच यंत्रावर टंकलेलं, खाली सही म्हणून 'एक सदस्य'. ते तिने शाखेच्या, म्हणजे स्वतःच्याच टपालपेटीत टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी ते सचिव म्हणून उघडून वाचलं. वाचताना त्यातली एक व्याकरणाची चूक तिने दुरुस्त केली होती. मॉस्कोची दोन वर्षं चांगली गेली. तिथल्या बागेत बाकावर बसून आइस्क्रीम खाताना तिला कधीही सेंगे आठवला नाही, आणि आता सव्वीस वर्षांनी तिला ते न आठवणंच आठवत होतं.

सेंगे दुपारी आला. आल्या आल्या त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले, लहानाने मोठ्याचे घ्यावेत तसे, खालून आधार देत.

"बाई, तुम्ही जराही बदलला नाहीत."

"तू बदललास."

"पाव खाऊन." तो हसला. मग खुर्चीत टेकून तो सांगू लागला आणि ती लिहून घेऊ लागली. खाणीतली नऊ वर्षं. वजनकाट्यावरची नोकरी. नव्वदनंतर कोळशाचा धंदा, मग बेकरी. बोलताना तो कुठेही अडखळत नव्हता. हे त्याने आधी कितीतरी वेळा सांगितलं असणार. तिने विचारलं, "पण आमच्याकडेच का आलास? दुसऱ्यांनी तुला डोक्यावर घेतलं असतं."

"त्यांनी बोलावलं होतं की. चौकात भाषण केलं त्यांच्यासोबत. पण बाई, ज्या दारातून ढकलून बाहेर काढलं ना, त्याच दारातून मला आत यायचं होतं. दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून जेवण्यात काय आहे?" मग तो थोडा पुढे झुकला. "एक लिहा. चुगली करणाऱ्या मित्राला मी माफ केलंय, असं लिहा."

तिची लेखणी थांबली. "कुठला मित्र?"

"जामियान. दुसरं कोण होतं तिथे? शेजारीण तर निरक्षर. आणि पुढच्याच महिन्यात तो विभागप्रमुख झाला. सव्वीस वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. एकदा बाजारात समोर आला, हाक मारली त्यानं, मी रस्ता बदलला."

खोलीच्या कोपऱ्यातून तुवशिन उठून आला. त्याच्या चेहऱ्यावर भूक लागल्यासारखा भाव होता. "जिवंत आहे तो?"

"आहे. बारा नंबरच्या इमारतीत. डोळे गेलेत म्हणतात."

"मग लिहायचं कशाला? दाखवू ना. शाळेच्या सभागृहात सभा घेऊ, त्याला मंचावर बोलवू, तुम्ही हात पुढे करा. माफ केलं म्हणा. लोकांना आता भाषण नकोय हो, लोकांना रडायला काहीतरी हवंय. ताई, तुम्ही जाऊन त्याला तयार करा. तुम्ही ओळखता त्याला."

तेव्हा ती सांगू शकली असती. दोघंही समोर होते. तिने कागदाच्या कडेला बारीक उभ्या रेघा काढल्या, एकीपुढे एक, कुंपणासारख्या, आणि म्हणाली, "बघते."

बघायला तिला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत ती घरी एका जागी बसली नाही. भांडी घासून झाली की पुन्हा घासायची. खिडकीतून टेकडीवरच्या नव्या राहुट्या दिसायच्या. गेल्या हिवाळ्यातल्या थंडीने जनावरं मेली आणि माणसं शहराकडे आली होती. या लोकांची मतं कुणाला, असं तुवशिन रोज विचारायचा. तिला वाटे, पक्षाचं बरं आहे. तो तीन वेळा नाव पुसून पुन्हा लिहितो, ठराव करतो, मागचं चुकलं असं छापतो आणि पुढे जातो. पक्षाला भांडी घासत बसावं लागत नाही. सहाव्या दिवशी ती बारा नंबरच्या इमारतीचे चार जिने चढली.

जामियानने दार उघडलं आणि मान तिरकी करून ऐकत राहिला. उंच माणूस वाकून अर्धा झाला होता. "कोण?"

"खांदमा. विद्यालयातली."

"सचिवबाई." तो बाजूला झाला. "या. मला कडा दिसतात फक्त, मधलं दिसत नाही. तुम्ही बसा कुठेही, खुर्चीवर मांजर असेल तर तिला उठवा."

तिने सगळं सांगितलं. म्हणजे सभेचं सांगितलं. तो चहा गाळत ऐकत होता. कपाच्या काठावर बोट ठेवून तो अंदाज घेई आणि बोटाला चहा लागला की थांबे. बोलणं संपल्यावर त्याने गाळणं बाजूला ठेवलं.

"म्हणजे तो मला माफ करणार."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि मग? घरी येईल?"

"येईल की. का नाही येणार?"

"मग करू दे माफ." जामियानने कप तिच्यापुढे सरकवला. "बायको गेली, पोरं कोरियात कामाला. या शहरात माझ्याबरोबर हसलेला एकच माणूस उरलाय, आणि तो पावाचा धंदा करतो. मी काही केलेलं नाही, पण ते सांगून सव्वीस वर्षांत काही मिळालं नाही. न केलेल्याची माफी घेऊन तो मिळत असेल, तर माझं काय जातं?"

"पण तू केलं नाहीस."

"ते तुम्हाला माहीत आहे, बाई." तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी बघत होता, पण कडा दिसणाऱ्या माणसाला तिथूनच तिचा चेहरा दिसत असणार. "लामा सोडला तर तिघं होतो आपण. म्हातारीला लिहिता येत नव्हतं. मी लिहिलं नाही. मला गणित येत नाही, पण एवढी वजाबाकी येते."

मांजर खुर्चीखालून बाहेर आली. खांदमाने कप खाली ठेवला. "कधी बोलला का नाहीस?"

"कुणाला सांगू? सचिवाकडेच तक्रार करायची होती ना," जामियान म्हणाला, आणि अगदी मनापासून हसला. "चहा घ्या. त्याला सांगा, शनिवारी सभा, तर रविवारी इकडे. मी मांस भरून बूझ उकडीन. हातांना अजून दिसतं."

शनिवारी सेंगेने तिला न्यायला गाडी पाठवली आणि गाडीत तो स्वतःच होता. सकाळी तो मठात जाऊन आला होता. गळ्यात निळा रेशमी पट्टा होता, अंगाला धुपाचा वास. खांदमाने ड्रायव्हरला सिगारेटच्या टपरीपाशी थांबवलं आणि पाणी आणायला पाठवलं. मग समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत सांगितलं. सगळं: मॉस्कोचे कागद, टंकलेलं दीड पान, दुरुस्त केलेली चूक. तिला वाटलं होतं आवाज कापेल. तो कापला नाही, जिल्ह्याचा अहवाल वाचावा तसा सरळ निघाला, आणि त्याची तिला किळस आली.

सेंगेने गळ्यातला पट्टा सोडवला, गुडघ्यावर पसरला, दोन्ही टोकं जुळवून घडी घातली. घडी नीट बसली नाही म्हणून पुन्हा घातली. बाहेर ड्रायव्हर टपरीवाल्याशी काहीतरी विनोद करत होता.

"बाजारात त्यानं मला हाक मारली होती," तो म्हणाला. "सेंगे, अरे सेंगे, अशी."

"आज त्याला माफ करू नकोस."

"सभागृहात सहाशे माणसं बसलीत, बाई."

"मग त्यांना खरं सांग. मी मंचावर येते."

तो तिच्याकडे वळला. डोळे ओले होते, पण आवाज फलकावरचा होता. "निवडणुकीनंतर. सगळं निवडणुकीनंतर. आता तोंड उघडलं तर लोक म्हणतील, याला स्वतःच्या शत्रूची ओळख नाही, हा आमची काय काळजी घेणार? चार आठवडे थांबा. तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला, आधी काम, मग भावना." ड्रायव्हर पाण्याची बाटली घेऊन आला. सेंगेने पट्टा गळ्यात घातला. उरलेली वाट ते दोघं एकाच खिडकीतून बाहेर बघत बसले.

सभागृहात माणसं भिंतींना टेकून उभी होती. तुवशिनने जामियानला पुढच्या रांगेत बसवलं होतं, जुना कोट, छातीवर शिक्षकाचं पदक. सेंगे चांगलं बोलला. खाण, थंडी, आई. कपाटामागचा दिवा. बायका रुमाल काढू लागल्या. मग तो म्हणाला, "आणि ज्यानं माझ्यावर कागद लिहिला, तो आज इथे आहे. मी त्याला माफ करतो," आणि जामियानला दोघांनी धरून वर नेलं, आणि सेंगेने हात पुढे केला. जामियानला तो हात दिसला नाही. त्याचा हात हवेत शोधत राहिला, आधी उजवीकडे, मग खाली. सेंगेला तो पकडावा लागला. खांदमा सातव्या रांगेत होती. ती उठायचं ठरवून आलेली नव्हती. तिला फक्त बसवेना. गेले पंधरा दिवस तिला कुठेच बसवत नव्हतं, आणि आता तर पाय आपोआप सरळ झाले, आणि तिचा आवाज आला, सवयीचा, मागच्या रांगेपर्यंत जाणारा. "त्यानं लिहिलेलं नाही. मी लिहिलं. मी शाखेची सचिव होते. त्यांच्या घरी जेवून आले आणि लिहिलं."

शांतता झाली, आणि त्या शांततेत तिला हलकं वाटलं, लाज वाटावी इतकं हलकं. आता ओरडतील, आता कुणी थुंकेल. तिने वाट पाहिली. मग मागे कुठेतरी एकाने टाळी वाजवली. दुसऱ्याने. आणि टाळ्यांचा लोंढा आला, बायका रडत टाळ्या वाजवत होत्या. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने तिचा हात दाबून म्हटलं, "हिंमत लागते, बाई, हिंमत लागते." सेंगे क्षणभर खांबासारखा उभा राहिला. मग त्याचा चेहरा सैल झाला, त्याने तिच्याकडे हात पसरले आणि ध्वनिवर्धकात म्हणाला, "बघा. ही आमची माणसं. चुका लपवत नाहीत." तिला वर नेण्यात आलं. तिघांचा फोटो निघाला. तुवशिन मंचाच्या कडेला उभा राहून तिच्याकडे बघून मान डोलावत होता, शिष्याने अपेक्षेपेक्षा चांगला पेपर लिहिल्यावर मास्तर डोलावतात तशी.

फोटोच्या उजेडात जामियान तिच्या कानाशी वाकला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त वेळ लागला. "हे काय केलंत तुम्ही? माफ केलेल्या माणसाच्या घरी माणूस येतो. ज्याच्यावर सव्वीस वर्षं अन्याय केला, त्याच्या घरी कुठल्या तोंडानं येईल तो?"

सेंगे मोठ्या मताधिक्याने निवडून आला. पक्षाने जवळजवळ सगळ्या जागा जिंकल्या, आणि तिघांचा तो फोटो पक्षाच्या छापील वार्षिक अहवालात 'नव्या युगाची नीती' या मथळ्याखाली आला. खांदमाला कुणी काढलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. उलट दुसऱ्या जिल्ह्यातून बोलावणं आलं, ताई, आमच्याकडेही एकदा या, बोला. त्या दिवसापासून तिने कार्यालयात जाणं सोडलं. तिला वाटलं होतं, सांगितलं की झोप लागेल. झोप लागायची, पण जाग आली की पहिला विचार जामियानच्या ओट्यावर काढून ठेवलेल्या कणकेचा यायचा. तो रविवार गेला होता. त्यानंतरचेही गेले होते. जामियान वाट बघतोय हे सांगायला एकदा तिने सेंगेला फोन केला. तो म्हणाला, जाईन बाई, अधिवेशन संपू दे. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "त्याच्यासमोर बसून मी काय बोलू, ते तुम्हीच लिहून द्या ना." त्याने थट्टा केली की खरंच विचारलं, हे तिला कळलं नाही. ती लिहायला बसलीही. तीन ओळी लिहून तिने कागद उलटा ठेवला.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी ती बारा नंबरचे चार जिने चढली. प्रत्येक मजल्यावर थांबली. तिच्यापाशी सांगण्यासारखं काही नव्हतं, आणायचं म्हणून काही आणलं नव्हतं. क्षमा मागायचा विचार तिसऱ्या मजल्यावर मनात आला आणि तिथेच राहिला, कारण क्षमा मागून पुन्हा हलकं तीच होणार होती. दारामागून वाफेचा आणि कांद्याचा वास येत होता. तिने दार वाजवलं. आत खुर्ची घाईने सरकली, काहीतरी पडलं, पावलं जवळ आली, आणि कडी निघायच्या आधीच जामियानचा आवाज आला.

"सेंगे?"

तिने उत्तर दिलं नाही. एक श्वासभर, फार तर दोन, तिने त्याला तसंच राहू दिलं. दार उघडलं. तो मान तिरकी करून उभा होता, हातांना पीठ होतं.

"खांदमा आहे," ती म्हणाली.

त्याची मान हळूहळू सरळ झाली. तो तिथेच उभा राहिला, दार धरून, ते उघडावं की लावावं हे आठवत नसल्यासारखा. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी पोर पाढे म्हणत होतं.

"आत या," शेवटी तो म्हणाला. "दार नुसतं लोटून ठेवा. कडी लावू नका."

ती आत गेली, आणि दार लोटून, खुर्चीच्या काठावर, जिन्यातल्या पावलांकडे कान देऊन, त्याच्याबरोबर बसली.